'अप' : शिक्क्यात न मावणारी गोष्ट

शाळांना सुट्टी लागली, की सहकुटुंब सहपरिवार पाहता येईल अशा चित्रपटाचा शोध घरोघरी सुरू होतो. पूर्वी हा शोध थिएटरच्या खिडकीपाशी संपत असे. आता शेकडो अॅनिमेशनपट घरातल्या पडद्यावरच येऊन थांबलेले असतात आणि निवड अधिकच अवघड होऊन बसते. अशा वेळी पालक पाहतात तो कोपऱ्यातला शिक्का. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जुन्या, सरधोपट 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे पाडले. ओटीटीसाठी हीच उतरंड २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आधीच घालून दिलेली होती. हे टप्पे म्हणजे मुलांना दारात अडवणारा पहारेकरी नव्हे, तर पालकांना दिलेली सूचना आहे. ही व्यवस्था पूर्वीपेक्षा नक्कीच शहाणपणाची आहे. परंतु हिंसा, भीती, भाषा, व्यसन अशा गोष्टी मोजून ठरणारा हा शिक्का एखाद्या चित्रपटाविषयी नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तपासायचे तर पिक्सारचा 'अप' पुन्हा एकदा पाहावा.

पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेला हा साहसपट मे २००९ मध्ये कान महोत्सवाच्या उद्‌घाटनाला दाखवला गेला. तो मान मिळालेला हा पहिला अॅनिमेशनपट. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, संगीतासाठी मायकेल जियाकिनो यांना मिळाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य यादीतही त्याचे नाव झळकले. तोवर त्या यादीत 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) हा एकच अॅनिमेशनपट पोहोचला होता. ९६ मिनिटांच्या या चित्रपटाला अमेरिकेत 'पीजी' म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा शेरा मिळाला. कारण दिले गेले ते काही धोक्याच्या आणि मारामारीच्या प्रसंगांचे. कारण खोटे नाही, पण 'अप' पाहिलेल्या कोणालाही त्यातले अवघड काय होते असे विचारले, तर उत्तर मारामारी असे येणार नाही.

गोष्ट वरकरणी अगदी बालसुलभ आहे. ७८ वर्षांचा कार्ल फ्रेडरिकसन हा फुगे विकून आयुष्य काढलेला एकलकोंडा, तिरसट म्हातारा. त्याच्या टुमदार घराभोवती उंच इमारतींचे बांधकाम चालू आहे, बिल्डरला त्याची जागा हवी आहे आणि कार्ल हलायला तयार नाही. (पुनर्विकासाच्या बैठकांना बसून आलेल्या मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा भाग समजावून सांगण्याची गरज नाही.) एका बाचाबाचीत तो एका कामगाराच्या डोक्यात वॉकर घालतो, रक्त येते आणि न्यायालय त्याची रवानगी वृद्धाश्रमात करते. वृद्धाश्रमाची माणसे न्यायला येतात त्या सकाळी कार्ल हजारो फुगे सोडतो आणि घरासकट आकाशात उडतो. त्याला जायचे असते दक्षिण अमेरिकेतल्या एका धबधब्याकाठी. लहानपणी दिवंगत पत्नीबरोबर पाहिलेले ते स्वप्न. मध्येच लक्षात येते, की घराच्या व्हरांड्यात रसेल नावाचा आठ वर्षांचा एक पोरगाही चुकून अडकून आला आहे. वृद्धांना मदत केल्याचा एक बिल्ला मिळाला, की त्याचा संच पूर्ण व्हायचा आहे.

पण हे सगळे घडण्याआधीची सुमारे चार मिनिटे या चित्रपटाचे खरे वजन तोलून धरतात. त्यात एकही संवाद नाही. कार्ल आणि एली यांचे लग्न, मोडक्या घराची डागडुजी, ढगांत दिसणारी बाळे, रंगवलेली पाळण्याची खोली आणि मग दवाखान्यात मान खाली घालून बसलेली एली. मूल होणार नाही, हे कोणी उच्चारत नाही. प्रवासासाठी बरणीत साठवलेले पैसे कधी गाडीच्या टायरसाठी, कधी मोडलेल्या पायासाठी, कधी छपरावर पडलेल्या झाडासाठी बाहेर काढावे लागतात. वर्षे सरतात, केस पांढरे होतात. अखेर कार्ल तिकिटे काढतो, तोच एली टेकडी चढताना कोसळते. पुढचे दृश्य रुग्णालयाचे आणि त्यापुढचे अंत्यविधीनंतर एकट्या बसलेल्या कार्लचे.

अपत्यहीनता, राहून गेलेले आयुष्य, जोडीदाराचा मृत्यू हे विषय मुलांसाठीच्या चित्रपटाच्या प्रारंभीच मांडणे हे धाडसच म्हटले पाहिजे. शेऱ्याच्या कारणांत मात्र यातले काही नाही. तसे पाहता मृत्यू अॅनिमेशनपटाला नवा नाही. 'द लायन किंग'मध्ये (१९९४) पिता डोळ्यांदेखत मरतो, 'फाइंडिंग नेमो'च्या (२००३) पहिल्याच प्रसंगात आई आणि एक सोडून सारी अंडी नाहीशी होतात; तरीही दोन्ही चित्रपटांना अमेरिकेत सर्वांसाठी खुला असा 'जी' शेरा मिळाला. म्हणजे शिक्का देणारे डोळे हाणामारी मोजतात, दुःख मोजत नाहीत. दुःख मोजावे तरी कसे, हा प्रश्नही रास्तच आहे. पण म्हणूनच मोजणीचा हा उरलेला भाग पालकांच्या वाट्याला येतो.

येथे एक गंमत घडते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ती चार मिनिटे फारशी लागत नाहीत. त्याला आजी आजारी पडली आणि गेली एवढे कळते, आणि त्याचे लक्ष फुगे कधी उडणार याकडे असते. डोळे पाणावतात ते शेजारी बसलेल्या आईचे आणि आजोबांचे. मूल पडद्याकडे न पाहता मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागते आणि 'का रडतेस?' हा प्रश्न येतो. अनेक पालक हा प्रश्न टाळण्यासाठी तो भाग पुढे ढकलतात. तसे करू नये. तो भाग वगळला, की म्हातारा एका जुन्या घरासाठी एवढा जीव का टाकतो, हेच मुलाला कळत नाही आणि उरतो तो केवळ फुग्यांचा खेळ. अर्थात, घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर चित्रपट काही महिने थांबवलेला बरा. निदान मोठ्यांनी तो आधी एकदा पाहून घ्यावा.

लहानग्यांना खरी भीती वाटते ती उत्तरार्धात. चार्ल्स मुंत्झ हा कार्लच्या बालपणीचा आदर्श संशोधक. एका दुर्मीळ पक्ष्याच्या मागे लागून वेडाच्या सीमेवर पोहोचलेला. त्याच्या हवाई जहाजातला जेवणाचा प्रसंग दिसतो सौम्य. तो पूर्वी आलेल्या प्रवाशांविषयी बोलत एकेक शिरस्त्राण टेबलावरून पाडत जातो आणि त्या माणसांचे काय झाले असेल, हे मोठ्यांना न सांगता कळते. पाठलाग करणारी कुत्री, पेटवून दिलेले घर आणि अखेर मुंत्झचे उंचावरून कोसळणे, हे सारे चार-पाच वर्षांच्या मुलाला झोपेत आठवावे असे आहे. सहा-सात वर्षांपुढे, आणि शेजारी कोणी मोठे बसलेले असताना, अडचण येऊ नये.

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र नव्हे. पहिल्या अर्ध्या तासाची उंची पुढे टिकत नाही. गळ्यातल्या यंत्रातून बोलणारी कुत्री गमतीची आहेत, त्यांतला भाबडा डग तर लोभसच. पण कुत्र्यांनी विमाने उडवायला घेतली, की गोष्ट हातची सुटल्यासारखी वाटते. कार्ल लहान असताना जो मुंत्झ चांगला मोठा माणूस होता, तो ७८ वर्षांच्या कार्लशी तलवारीने लढतो, म्हणजे त्याचे वय काय असावे, हा प्रश्न चाणाक्ष मुले विचारतातच. याहून गंभीर आक्षेप मुलींच्या बाबतीत आहे. एली ही यातली सर्वांत धीट व्यक्तिरेखा. ती लवकर जाते आणि त्यानंतर महत्त्वाचे स्त्रीपात्र उरते ते 'केविन' नावाचा पक्षी, जो मादी निघतो. मुख्य भूमिकेत नायिका असलेला पिक्सारचा पहिला चित्रपट 'ब्रेव्ह' यायला २०१२ उजाडावे लागले. मुलीला साहसाची गोष्ट दाखवताना ही उणीव जाणवते.

तरीही पलडा एकीकडेच झुकतो, आणि त्याचे कारण रसेल आहे. त्याचे वडील कुठे तरी आहेत, पण त्याच्यासाठी नाहीत. हे तो तक्रार म्हणून नव्हे, तर जाता जाता सांगतो. वडिलांबरोबर आइस्क्रीम खात पदपथाच्या कडेला बसून लाल आणि निळ्या गाड्या मोजण्याचा खेळ त्याला आठवतो. कंटाळवाणेच वाटावे असे हे, पण आपल्या लक्षात तेवढेच राहिले आहे, असे तो म्हणतो. विभक्त झालेल्या कुटुंबातल्या मुलाला हे वाक्य कुठे जाऊन लागेल, ते कोणताही शिक्का सांगू शकत नाही. एका बाजूला ज्याला मूल झाले नाही असा म्हातारा, दुसऱ्या बाजूला ज्याला बाप लाभला नाही असा पोरगा, आणि दोघांच्या मध्ये दोरीने ओढत न्यायचे एक घर. पक्ष्याचा जीव वाचवायचा की घर, अशी वेळ येते तेव्हा कार्ल आधी घर निवडतो. नायकाला एवढे खुजे दाखवणे मुलांच्या चित्रपटात विरळाच. मग एलीची जुनी वही त्याच्या हाती लागते. राहून गेलेल्या प्रवासासाठी तिने राखलेली पाने त्यांच्या रोजच्या संसाराच्या छायाचित्रांनी भरलेली असतात. ती पाहून तो खुर्च्या, कपाटे, सारे सामान घराबाहेर फेकून देतो. घर हलके होते आणि पुन्हा उडते. हे रूपक आहे, असे मुलाला सांगावे लागत नाही.

कार्लला आवाज देणारे एड अॅस्नर २०२१ मध्ये निवर्तले; त्यांचा आवाज असलेला 'कार्ल्स डेट' हा छोटेखानी पट २०२३ मध्ये आला. मुंत्झचा आवाज झालेले ख्रिस्तोफर प्लमरही त्याच वर्षी, २०२१ मध्येच, गेले. चित्रपटाच्या अखेरीस रसेलच्या छातीवर बिल्ला लावायला त्याचे वडील येत नाहीत. कार्ल येतो आणि एलीने लहानपणी त्याच्या कोटाला लावलेले सोड्याच्या बाटलीचे बूच काढून मुलाला लावतो. मग दोघे आइस्क्रीम घेऊन पदपथाच्या कडेला बसतात आणि समोरून जाणाऱ्या गाड्या मोजू लागतात.