मुदत म्हणजे मुदत

बँकेत असताना मुदतठेवीची तारीख उजाडली की ठेवीदाराला ‘नंतर या’ म्हणण्याची सोय नसे. मतदाराचे नशीब तेवढे थोर नाही.

कोल्हापूर उत्तरचे आमदार चंद्रकांत जाधव डिसेंबर २०२१ मध्ये निवर्तले. पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यावी, असा कायदा. १२ एप्रिल २०२२ ला मतदान झाले. महापालिकेची मुदत मात्र नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती. मुदतीआधी निवडणूक हा तर राज्यघटनेचा दंडक! तरी कोरोना, आरक्षण, प्रभागरचना असे करत मतदान १५ जानेवारी २०२६ ला झाले. तोवर प्रशासक. तुंबलेल्या गटाराचे गाऱ्हाणे घालायला गल्लीला नगरसेवक नव्हता.

एका खुर्चीला सहा महिने दम नाही, अख्ख्या सभागृहाला पाच वर्षे कुलूप? ठेवीच्या पावतीवर असते तशी पुढच्या मतदानाची तारीख निकालाच्या दिवशीच लिहून द्या.