पस्तिसाव्या हिश्श्याचा रणगाडा

यंदा चातुर्मासात नातू वडिवळ्याच्या घरी आला तो एक खोके घेऊनच. आत प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकलेले असंख्य तुकडे आणि झाकणावर ब्रिटिश बनावटीच्या सेंचुरियन रणगाड्याचे चित्र. सौभाग्यवतींनी ते पाहून एवढेच विचारले, "प्रतिक्रमणात आठवे व्रत म्हणता ना?"

प्रश्न सोपा नव्हता. अनर्थदंड विरमण व्रतात हिंसाप्रदान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, वर्ज्य मानले आहे. प्लॅस्टिकचा रणगाडा कोणास मारीत नाही, हे खरे. परंतु यशोधर राजाने बळी दिलेला कोंबडाही पिठाचाच होता, आणि त्या संकल्पाचे फळ त्याला व त्याच्या मातेला जन्मोजन्मी भोगावे लागले. वस्तू खोटी असली तरी भाव खरा असू शकतो. नातवाच्या मनात कोणता भाव आहे, हे पाहण्यासाठी मी त्याच्याजवळ बसू लागलो.

प्रथम मला जिंकले ते हिशेबाने. प्रतिकृतीचे प्रमाण 1:35. हा आकडा कोणा गणितज्ञाने काढलेला नाही. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाडा काढला, तो आत मोटार व बॅटऱ्या मावतील एवढा. मागाहून मोजले तेव्हा तो पस्तिसावा हिस्सा भरला. (व्यापारातील कित्येक रूढी अशाच पडल्या असाव्यात.) लांबी पस्तीस पट कमी, तर वजन 42,875 पट कमी. म्हणजे सुमारे 50 टनांचा सेंचुरियन याच मापाने पोलादाचा केला, तरी सव्वा किलोच्या आत बसेल. नातवाने हा गुणाकार दोनदा करून पाहिला.

तुकडा कापायचा, बारीक पॉलिश पेपरने घासायचा, मगच चिकटवायचा. घाई केली की सांधा दिसतो. मावळच्या पावसात रंग दोन-दोन दिवस ओलाच राहतो, त्यामुळे संयम आपोआपच घडला.

नगरला आनंदधामच्या दर्शनास गेलो असता, 1994 साली उभारलेले तेथील रणगाडा संग्रहालय आम्ही पाहिले होते. त्याची आठवण निघाली, तशी मी त्याला लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांची हकिकत सांगितली. पुण्यात शिकलेले हे गृहस्थ पूना हॉर्स पलटणीचे प्रमुख. सप्टेंबर 1965 मध्ये फिल्लोराच्या रणात जखमी होऊनही ते मागे हटले नाहीत. 16 तारखेला त्यांच्या सेंचुरियनने पेट घेतला आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र लाभले. रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्र जाणते. पण तिला अहिंसा म्हणत नाही. तेही मी त्याला सांगितले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, आत चौघे बसायचे ना?"

रणगाडा आता पूर्ण झाला आहे. वरचे झाकण मात्र त्याने चिकटवलेले नाही. त्यांना बाहेर पडता यावे म्हणून, असे त्याने आजीला सांगितले. आजीने तो हिशेबाच्या वह्यांच्या कपाटावर ठेवू दिला.