शाळेच्या फॉर्मवर ‘सगळं बरं आहे’ लिहू नका

पालकहो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून प्रश्नावली घरी आली किंवा मोबाइलवर फॉर्म आला, की आपण सगळीकडे ‘समाधानकारक’वर खूण करतो आणि मोकळे होतो. गुरुजींना वाईट वाटेल, उगाच पोरावर राग निघेल, अशी धास्ती असते. तीच माणसं मोहोळच्या बाजारात भेटली की मात्र शाळेचं सगळं गाऱ्हाणं बाहेर काढतात. बाजारातलं बोलणं शाळेच्या कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेल्या कामाला कुणी पैसा देत नाही.

हा कागद म्हणजे शाळा विकास आराखडा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने तो करण्याचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलंय. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कलम २१ सांगतं. सरकारी अनुदान या आराखड्याच्या आधारे ठरावं, असं कलम २२ म्हणतं. म्हणजे कायद्याने लेखणी आपल्याच हातात दिलीय. तरी बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षाचा आराखडा आकडे बदलून पुढे जातो आणि सह्या मागाहून घरोघरी फिरून घेतल्या जातात. सही करण्याआधी वाचायला मागा. त्यात कुणाचा अपमान नाही.

आता फॉर्ममधल्या प्रश्नांबद्दल. ‘शौचालय आहे का?’ असं विचारलं की ‘आहे’ एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी सहावीतल्या लेकीला विचारा, काल दुपारी गेली होतीस का? आतून कडी लागत नाही, टाकीत पाणी नसतं, म्हणून ती सकाळपासून घोटभर पाणीही पीत नाही, हे तेव्हा कळतं. मग फॉर्मवर ‘सुविधा अपुऱ्या’ असं मोघम लिहू नका. ‘मुलींच्या शौचालयाची कडी तुटली, दुपारनंतर पाणी नाही’ असंच लिहा. कडी बसवायला मंत्रालय लागत नाही. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपयांचं संयुक्त अनुदान असतं, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी राखायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हे विचारण्याचा अधिकार समितीला आहे.

अभ्यासाचंही तसंच. ‘असर’ पाहणीचे स्वयंसेवक २००५पासून खेडोपाडी घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात. ते आपणही घरी करू शकतो. चौथीतल्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या. अडला तर त्याच्यावर ओरडू नका, कुठे अडला ते लिहा. ‘अभ्यासात कच्चा’ या शेऱ्यावरून गुरुजी काय शिकवणार? ‘जोडाक्षरांशी अडतो’ म्हटलं तर उद्यापासून काम सुरू करता येतं.

आणि फॉर्म पोचतो कुणापर्यंत, हेही बघा. गाळप सुरू झालं की ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. कोपीतल्या पोरांजवळ शिक्षण हमी पत्रक असेल तर त्यांना आपल्या शाळेत बसायचा हक्क आहे, आणि नसेल तरीही आहे. त्यांच्या आयांना कुणी विचारतच नाही. सीनाकाठच्या गावांचंही विचारायला हवं. सप्टेंबर २०२५च्या पुरात लांबोटीजवळ महामार्गच बंद झाला होता, तिथे पोरांच्या पायवाटेचं काय? कोणता ओढा भरला की कोणत्या वस्तीवरची मुलं घरी बसतात, हे सोलापुरात बसलेल्या साहेबाला माहीत नसतं. वस्तीवरच्या आजीला ते पक्कं ठाऊक असतं.

मुख्याध्यापकांनाही एक विनंती. फॉर्मवर नाव मागू नका. आलेली उत्तरं पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवा, आपल्याला टोचणारीही. शाळेच्या पातळीवरचं काम लगेच करा, ग्रामपंचायतीचं तिच्याकडे ठरावाने पाठवा. रिकाम्या शिक्षकपदाचा प्रश्न गाव सोडवू शकत नाही. तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. यातलं काय होणार नाही, तेही तोंडावर सांगा. ‘बघू’ म्हणून टोलवलेले पालक पुढच्या वर्षी पुन्हा सगळीकडे ‘समाधानकारक’च लिहितात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की समितीच्या बैठकीला जा, निदान घरातल्या बाईमाणसाला तरी पाठवा. मागच्या वर्षीचा आराखडा मागून घ्या. त्यातलं काय झालं, काय राहिलं आणि का, एवढं विचारा. मिळालेलं उत्तर त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहायला लावा, आणि मगच सही करा.