परवाना कुणाच्या नावावर, काम कुणाच्या हातून

नेर तालुक्यात संगणकावर होणारे बरेचसे काम पगारपत्रकावर नाव नसलेली माणसे करतात. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक पंचायतीचा कर्मचारी नाही. संग्राम प्रकल्पात तो महाऑनलाइनमार्फत नेमला गेला, २०१६ नंतर सीएससीमार्फत. जिनिंगचा हिशोब सांभाळणारा टॅलीवाला सकाळी एका दुकानात आणि दुपारी दुसऱ्या दुकानात बसतो. नगरपरिषदेचे नकाशे काढणारा कंत्राटी अभियंता, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारा डीटीपीवाला, पुण्याच्या कंपनीसाठी इथे घरी बसून कोड लिहिणारी मुलगी, हे सगळे आपले वाचक. यांच्या कामाच्या कागदावर दर असतो, मुदत असते, टीडीएसही असतो. सॉफ्टवेअर कुणाचे वापरायचे आणि तयार झालेले कुणाचे राहील, याबद्दल मात्र एक ओळ नसते. ती ओळ मागून घ्यायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. तिची गरज काम देणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त आहे.

आधी शिक्षेचे कलम पाहू. प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ब आले. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, असे हे कलम सांगते. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. आपला वापर पोटापाण्याचाच असल्याने ही सवलत आपल्याला मिळण्यासारखी नाही. आणि कलमात कर्मचारी व कंत्राटी असा भेदही नाही. ऑफिसच्या संगणकावर आधीपासून क्रॅक टाकलेले आहे, 'चालतंय ना, चालू द्या' असे वरून सांगितले गेले आहे, आणि त्यावर रोज बसतो तो परिचालक. ५० हजारांचा किमान दंड म्हणजे त्याच्या कित्येक महिन्यांचे मानधन. ज्याने क्रॅक टाकायला सांगितले त्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते, आणि वापरणारा कोण हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक असते. म्हणून पहिल्याच दिवशी, 'या संगणकावरील सॉफ्टवेअरचे परवाने कार्यालयाचे असून त्यांची जबाबदारी कार्यालयाची आहे' एवढे लिहून मागा. त्याने क्रॅक वैध होणार नाही, आणि क्रॅक आहे हे आपल्याला माहीत असेल तर असा कागद आपल्यालाही वाचवणार नाही. पण परवान्याचा प्रश्न नोंदीवर येतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो सुटायला तेवढेही पुरते.

परवाना खरा असला तरी बाहेरच्या माणसाची अडचण संपत नाही. टॅलीचा सिल्व्हर परवाना एका वेळी एका संगणकासाठी असतो. व्यापारी म्हणतो, रात्री घरी बसून एन्ट्र्या करून टाका. परवाना दुकानातल्या संगणकावर चालू असतो, म्हणून घरच्या लॅपटॉपवर क्रॅक येते. शिकाऊ मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखा घेता येतात हे आपल्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे त्यावर धंद्याचे काम भागत नाही. मार्ग उघड आहेत: दुकानातच बसून काम करायचे, नाहीतर व्यापाऱ्याने दुसरा परवाना घ्यायचा, नाहीतर आपण स्वतःचा परवाना घेऊन त्याचा खर्च दरात धरायचा. एका परवान्यात अनेक कंपन्यांची खाती ठेवता येत असल्याने चार-पाच दुकाने सांभाळणाऱ्याला हा शेवटचा मार्ग महागही पडत नाही. लॅपटॉपसोबत आलेले विंडोज त्या यंत्रालाच बांधलेले असते, ते दुसऱ्या संगणकावर नेता येत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची होम अँड स्टुडंट आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे. तिच्यावर बिले टाइप करणे परवान्यात बसत नाही, मग ती पक्क्या पावतीने घेतलेली असली तरी.

डीटीपीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. अमरावतीच्या प्रेसला ओपन फाइल पाठवताना सोबत फॉन्टचे फोल्डर जोडायची पद्धत आहे. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना आपल्या संगणकापुरता असतो, प्रेसला ती प्रत द्यायचा अधिकार त्यात सहसा नसतो. अक्षरे कर्व्ह करून पाठवली की हा प्रश्न उरत नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट एसआयएलच्या खुल्या परवान्याखाली आहेत. ते फ्लेक्सवर, पुस्तकात, कुठेही धंद्यासाठी वापरता येतात आणि पुढे देताही येतात, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही.

आता मालकीकडे येऊ. इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. समजा, जिनिंगच्या मालकाने आपल्याकडून वजनकाट्याच्या पावतीचा आणि कापूस खरेदीच्या हिशोबाचा प्रोग्रॅम करून घेतला. पैसे पूर्ण दिले, कागद काही नाही. मालकाला वाटते, प्रोग्रॅम माझा. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार मालक असतो. स्वतंत्रपणे काम घेतलेल्याच्या बाबतीत तो हक्क निर्मात्याकडेच राहतो. मालकी बदलायची तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेले हस्तांतरण लागते. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. कागद नसलेल्या मालकाकडे फार तर प्रोग्रॅम वापरण्याची परवानगी उरते. हा आपला मोठा हक्क आहे आणि आपल्यातल्या अनेकांना तो आहे हेच माहीत नसते. पुढच्या हंगामात तोच प्रोग्रॅम दुसऱ्या जिनिंगला देता येईल की नाही, हे यावरच ठरते.

सरकारी कामात मात्र हे उलटते. शासनाच्या निर्देशाखाली किंवा नियंत्रणाखाली झालेले काम, वेगळा करार नसेल तर, शासनाचे. कलम १७ च्याच पोटकलमाने सार्वजनिक उपक्रमांना हेच लागू केले आहे, आणि त्या व्याख्येत कायद्याने स्थापन झालेल्या निगम संस्थाही येतात. म्हणजे नगरपरिषदेसाठी केलेल्या करवसुलीच्या प्रोग्रॅमवर जिनिंगच्या प्रोग्रॅमसारखा हक्क गृहीत धरू नका. आधीपासून तयार असलेला आपला कोड त्यात वापरणार असाल, तर 'हा भाग माझा असून कार्यालयाला फक्त वापराची परवानगी आहे' हे कामाच्या आदेशात आधीच लिहून घ्या. नंतर कुणी लिहून देत नाही.

खुल्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि ती वाढावी असे मला मनापासून वाटते. धंद्याच्या हिशोबासाठी ईआरपीनेक्स्ट आहे, मुंबईच्या फ्रापे टेक्नॉलॉजीजने केलेले, जीपीएल या खुल्या परवान्याच्या ३ ऱ्या आवृत्तीखाली. नकाशांसाठी क्यूजीआयएस आहे, ग्रंथालयांसाठी कोहा आहे. फुकट मिळते म्हणून त्यात अटी नाहीत असे मात्र नाही, आणि जीपीएलच्या अटी नेमक्या आपल्यासारख्या बाहेरच्या माणसापाशी येऊन लागू होतात. कंपनीने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या यंत्रांवर प्रती दिल्या तर ते वितरण नाही. पण तीच प्रत कंत्राटदाराला बाहेर नेऊन वापरायला दिली तर ते वितरण, असे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे, आणि वितरण झाले की सोर्स कोड देण्याचे बंधन येते. २००७ च्या ३ ऱ्या आवृत्तीने यात एक वाट करून दिली. काम करणारा केवळ त्या ग्राहकासाठी, त्याच्याच सूचनेने आणि नियंत्रणाखाली बदल करत असेल, आणि या संबंधाबाहेर प्रती करायला त्याला करारात मनाई असेल, तर ग्राहक त्याला प्रत देऊ शकतो. करारात मनाई हवी, म्हणजे करार हवा. पुन्हा तोच कागद.

उलट बाजूही पाहा. ईआरपीनेक्स्टच्या मूळ कोडमध्ये बदल करून तुम्ही तो जिनिंगच्या संगणकावर बसवून दिलात, तर वितरण तुम्ही केले. मग 'कोड देत नाही, दर वर्षी मलाच बोलवा' असे म्हणता येत नाही. सोर्स कोड मागितल्यावर द्यावा लागतो, परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो, आणि मालकाने तो पुढे शेजारच्या जिनिंगला दिला तर अडवता येत नाही. पैसे मात्र हवे तेवढे घ्या, त्याला जीपीएलची हरकत नाही. तुमच्याच सर्व्हरवर ठेवून मालकाला फक्त ब्राउझरमधून वापरायला दिले तर जीपीएलप्रमाणे ते वितरण होत नाही. परवाना एजीपीएल असेल तर मात्र बदललेल्या आवृत्तीचा कोड वापरणाऱ्यालाही द्यावा लागतो. काम घेण्याआधी परवान्याची फाइल उघडून वाचा. त्यावर आपला वर्षभराचा देखभालीचा धंदा अवलंबून असतो.

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. तरीही कार्यालये अजून 'ऑफिस नसेल तर काम होत नाही' म्हणत असतील, तर लिब्रेऑफिसवर तेच पत्र तयार करून दाखवणारा माणूस आपल्यातूनच उभा राहावा लागेल. युनिकोड मराठी त्यात नीट चालते.

आणि काम संपल्यावर काय, हे कुणी विचारत नाही. ग्राहकाच्या परवान्यातल्या प्रती आपल्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, जुन्या हार्ड डिस्कवर तशाच पडून असतात. कलम ५२ प्रमाणे हरवण्या-बिघडण्यापासून बचावासाठी बॅकअप प्रत ठेवता येते, पण ती सवलत प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याची आहे, काम सोडून गेलेल्या कंत्राटदाराची नाही. शेवटचे बिल देताना ग्राहकाच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या प्रती काढून टाकल्याचे एका ओळीत लिहून द्या आणि पोच घ्या. आपला जो कोड आपल्याकडे राहतो आहे, त्याची नोंदही त्याच कागदावर करून घ्या.