दोन तासांचे मौन

शिक्षणसंस्थेच्या आवारात हिंसाचार उसळला तर काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे पोलीस बंदोबस्ताचा मानला जातो. वस्तुतः तो कारभाराचा, म्हणूनच राजकीय प्रश्न आहे.

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांवर प्राणघातक गोळीबार झाला. प्रकार वैयक्तिक वैराचा असावा आणि हल्लेखोर निघून गेला असावा, असा तर्क केला गेला. विद्यार्थ्यांना पहिली सूचना मिळाली ती नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी. त्यानंतर सुमारे पाव तासाने त्याच मारेकऱ्याने नॉरिस हॉलची दारे साखळ्यांनी बंद करून आणखी तीस जणांना ठार केले. मृतांत मुंबईहून शिकण्यास गेलेली एक विद्यार्थिनीही होती.

वर्गांच्या दारांना आतून कुलूप घालण्याची सोय नव्हती. तरीही एका वर्गातील विद्यार्थ्यांनी दाराला टेबल लावून ते रेटून धरले. गोळ्या दार भेदून आल्या, पण तेथे कोणी जखमी झाले नाही. दुसऱ्या वर्गात, नाझींच्या छळातून वाचलेले शहात्तर वर्षांचे प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू यांनी दार अडवून विद्यार्थ्यांना खिडक्यांतून निसटण्यास अवधी दिला आणि स्वतः प्राण गमावले.

पुढे, २०१२ साली ज्यूरीने विलंबाबद्दल राज्यशासनाला जबाबदार धरले. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायालयीन उत्तरदायित्व संपले. नैतिक उत्तरदायित्व मात्र संपत नाही. धोक्याची माहिती ही अधिकाऱ्यांची मालमत्ता नव्हे. एकाला दिल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. दडवल्याने मात्र सर्वांचीच हानी होते.

हा केवळ अमेरिकेचा प्रश्न आहे, असे समजून स्वस्थ बसणे परवडणार नाही. ५ जानेवारी २०२० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तोंडे झाकलेल्या जमावाने काठ्या व सळ्यांनी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना मारहाण केली. प्रवेशद्वारे होती, सुरक्षारक्षक होते. संरक्षण मात्र मिळाले नाही.

अशा प्रसंगी व्यक्तीने पाळावयाचे नियम थोडे आहेत. वाट मोकळी असेल तर सामान टाकून निघावे. नसेल तर दार बंद करून त्याला बाके लावावीत, दिवे मालवावेत, फोनचा आवाज बंद करावा आणि दारापासून दूर बसावे. अन्य उपाय उरला नाही तरच सर्वांनी मिळून प्रतिकार करावा. पोलीस आल्यावर रिकामे हात दाखवावेत. खात्री नसलेली वार्ता पुढे धाडू नये.

परंतु हे नियम ऐन वेळी सुचत नाहीत. ते आधी अंगवळणी पडावे लागतात. म्हणून आपल्या विद्यार्थी व शिक्षक कार्यकर्त्यांनी प्रत्येक महाविद्यालयात चार गोष्टींचा आग्रह धरावा: तत्काळ इशाऱ्याची व्यवस्था, आतून बंद होणारी दारे, कधीही कुलूपबंद न राहणारा दुसरा मार्ग आणि दरवर्षी सराव. या निमित्ताने विद्यार्थ्यांवर पाळत वाढविण्याचा घाट घातला जाईल, त्यास मात्र ठाम विरोध करावा. ज्या संस्थेवर विद्यार्थ्यांचा विश्वास नाही, तिच्याकडे धोक्याची पहिली वार्ता घेऊन कोणी जात नाही. आणि पहिली वार्ता उशिरा पोहोचली की काय होते, हे नॉरिस हॉलने दाखविले आहे.