आधी फाशी, मग तपासणी

नागपूरच्या चार वर्षांच्या मुलीवरील बलात्कार आणि हत्येच्या खटल्यात फाशीच्या शिक्षेचा नव्याने विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितले आणि ‘गुन्हेगाराचे आणखी किती लाड?’ अशी बोंब सुरू झाली. गुन्हा २००८चा, दोषसिद्धी कायम. त्या दोषसिद्धीला कोणी हात लावलेला नाही. पण फाशी सुनावण्याआधी आरोपीची मानसशास्त्रीय तपासणी झालीच पाहिजे, असे याच न्यायालयाने बजावले ते २०२२ साली, मनोज खटल्यात. तोवर इथली फेरविचार याचिका फेटाळून पाच वर्षे झाली होती. लाड कसले? उशीर म्हणा.

तपासणी म्हटली की आपल्या यंत्रणेला एकच प्रश्न सुचतो : वेडा की शहाणा? त्यात बौद्धिक अक्षमता निसटते, कारण ती मनोविकार नव्हे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदाच तसे सांगतो. सौम्य अक्षमता असलेला माणूस बोलतो, हमाली करतो, कागदावर सही करतो. मग शंका कोणाला यावी? पोलीस विचारतात, ‘तू तिथे होतास ना?’ ‘हो साहेब.’ ‘तू तिथे नव्हतास ना?’ ‘हो साहेब.’ साहेब चिडू नयेत म्हणून आलेला हा होकार. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही हे खरे, पण तपासाची गाडी तिच्याच मागे धावते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये १९८३ साली हेन्री मॅकॉलम आणि लिऑन ब्राउन या बौद्धिक अक्षमता असलेल्या भावांनी कबुलीजबाबांवर अशाच सह्या केल्या. अकरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून केल्याचा आरोप होता. सही केली की घरी सोडतील, असे हेन्रीला वाटले होते. घटनास्थळच्या सिगारेटच्या थोटकावरचा डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला २०१४ मध्ये. त्या दुसऱ्याने महिन्याभरातच, त्याच गावात, आणखी एका मुलीचा जीव घेतला होता. तपासणीचे ‘लाड’ झाले असते तर कदाचित ती वाचली असती.

तपासणी म्हणजे बुद्ध्यांकाचा आकडाही नव्हे. कामतांनी मराठी-कानडी मुलांसाठी बेतलेली बिने-कामत चाचणी आपल्याकडे अजून वापरतात; ती ६५ असा आकडा देईल. समोरच्याचा नकार आरोपीला कळतो का, त्याने हे भान नसताना केले की हेरून, पुन्हा करील का, हे त्या आकड्यात नसते. त्यासाठी आईशी, शेजाऱ्यांशी, जुन्या मास्तरांशी बोलावे लागते, चित्रे दाखवून सोपे प्रश्न विचारावे लागतात. सोंग घेणारेही तिथेच उघडे पडतात. पहिल्या रिमांडलाच हे का होऊ नये? नव्या नागरिक सुरक्षा संहितेत दंडाधिकाऱ्याला शंका आली तरच सिव्हिल सर्जन. आणि बंगालच्या बलात्कारविरोधी अपराजिता विधेयकाला तर तपास २१ दिवसांत हवा! टाळ्या मिळवायला ठीक आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट ३९ए’ने फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. दहांत एकाहून अधिक जणांत बौद्धिक अक्षमता आढळली. तोवर ते सगळे फाशी कोठडीत पोहोचले होते.