सिंगापुरात बिऱ्हाड

भाचा सिंगापुरास नोकरीला निघाला, तशी ताई ठाण्याची जागा विकून त्याला तिकडे फ्लॅट घेऊन द्यायला निघाली! मी म्हटले, "ताई, तिथला कायदा तरी ऐक." आपल्यासारख्या परकीयाने तिथे घर घेतले, की २७ एप्रिल २०२३ पासून किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांकशुल्क पडते. दहा लाख डॉलरच्या घरावर सहा लाख! तेच कायम रहिवासाचा परवाना मिळाल्यावर पहिल्या घराला ५ टक्के. सरकारी वसाहतीतले स्वस्त फ्लॅट परकीयाला विकतच मिळत नाहीत. शिवाय आपली रिझर्व्ह बँक माणशी, आर्थिक वर्षाला, अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवू देते. तेव्हा परवाना होईतो पोराने भाड्याने राहावे, हे बरे.

ताईला आकडे पटले. "पण भाड्याच्या घरात सून नांदायची कशी?" म्हणाली. तिचा स्वतःचा संसार गिरगावच्या चाळीत, भाड्याच्याच खोलीत सुरू झाला होता!